पवित्र शास्त्रातली चुकलेली माणसं आणि आपला विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याच्या आमच्या मराठी बायबल वर्गात टेबलावर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असतो. तोंडाने विचारायला ज्याला संकोच वाटतो त्याने त्यात चिठ्ठी टाकायची. उपवासकाळात आम्ही दावीद, पेत्र, एलीया, सारा अशांवर बोलतो आणि दरवर्षी फिरून फिरून त्याच चिठ्ठ्या निघतात. त्यांतल्या नेहमीच्या इथे उतरवल्या आहेत. उत्तरं माझी. मी पाळक नाही. शब्बाथशाळेत पोरांना शिकवता शिकवता केस पिकलेली बाई आहे. वर्गाला कॅथलिक मंडळीही येतात, त्यामुळे पेत्र आणि पीटर दोन्ही कानांवर पडतात. इथे मराठी बायबलातली नावं ठेवली आहेत.

एवढ्या मोठ्या माणसांच्या चुका बायबलने झाकल्या का नाहीत?

झाकायची सोय होती. एकाने झाकून पाहिलंही आहे. २ शमुवेलच्या ११ व्या अध्यायात राब्बा शहराला वेढा पडला असताना दावीद यरुशलेमेत मागे राहतो आणि पुढे त्याचा सैनिक उरीया याच्या बायकोचं, बथशेबाचं सगळं प्रकरण घडतं. तोच वेढा १ इतिहासाच्या २० व्या अध्यायात आहे. तिथेही दावीद यरुशलेमेत राहतो, पुढच्या ओळींत राब्बा पडतं, राजाच्या डोक्यावर मुकुट येतो आणि मधलं सगळं गायब! बथशेबा नाही, उरीया नाही. मला नवल वाटतं ते असं, की शास्त्र जपणाऱ्यांनी दोन्ही वृत्तांत जपले. नुसता दुसराच ठेवला असता तर दाविदाची चौकातल्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यासारखी हात जोडलेली, डाग नसलेली तसबीर उरली असती.

नोहा जलप्रलयातून वाचला आणि द्राक्षमळा लावून, दारू पिऊन तंबूत उघडा पडला. अब्राहामाने जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं, एकदा नव्हे, दोनदा. मोशेने इकडेतिकडे बघून मिसरी माणसाला मारलं आणि वाळूत पुरलं. यांतलं काहीच शत्रूंनी लिहिलेलं नाही.

इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात शमशोन आणि इफ्ताह काय करतायत?

ही चिठ्ठी दर वर्षी येते आणि बहुतेक वेळा लाल शाईत. विचारणाऱ्याने शास्ते हे पुस्तक वाचलेलं असतं, त्यामुळे त्याचा राग समजतो.

त्या अध्यायात लेखक विश्वासाची माणसं एकामागून एक मांडत जातो: हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे, मग यरीहोची राहाब. ३२ व्या वचनापाशी त्याची दमछाक होते. वेळ पुरणार नाही म्हणतो आणि गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह, दावीद, शमुवेल ही नावं एका दमात टाकून देतो. यादीत ज्यांचं स्पष्टीकरण सर्वात जास्त हवं होतं, त्यांनाच त्याने स्पष्टीकरण दिलेलं नाही.

गिदोन घ्या. देवाने हाक मारली तेव्हा तो द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. लोकरीचा तुकडा ओला दाखव, मग कोरडा दाखव, अशी दोन वेळा परीक्षा त्याने देवाची घेतली. ३२,००० लोकांतून ३०० उरले आणि त्या तीनशेंनी लढाई जिंकली. इथपर्यंतची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण शास्ते ८:२७ मध्ये तोच गिदोन लुटीच्या सोन्याचं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, करून गावात ठेवतो आणि सगळं इस्राएल त्याच्या नादी लागतं. शब्बाथशाळेच्या चित्रात ते एफोद मी कधी पाहिलेलं नाही.

शमशोनाचं तर शेवटचं मागणंही स्वच्छ नाही. दोन डोळ्यांचा सूड घेऊ दे, असं तो मागतो. इफ्ताहाने घाईने नवस बोलून स्वतःच्या मुलीवर संकट आणलं, आणि त्याचं नाव यादीत बघून मला आजही बरं वाटत नाही. वर्गात मी तसं सांगते. यादीत नाव आलं म्हणजे त्याची प्रत्येक करणी मंजूर झाली असं नव्हे. शास्ते ११ मध्ये पुढे लिहिलंय की त्या मुलीसाठी इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस शोक करत. म्हणजे शास्त्राने बापाचं नाव ठेवलं आणि मुलीसाठी रडणाऱ्यांचीही नोंद ठेवली. दोन्ही वाचायचं.

दाविदाने एका माणसाची बायको घेतली, त्या माणसाला मारवलं. तरी तो देवाच्या मनासारखा कसा?

आधी पूर्ण वाचा, कारण आपण अर्धंच ऐकलेलं असतं. उरीया हित्ती होता, परका. राजाने त्याला लढाईवरून बोलावून घरी जा म्हटलं, तर देवाच्या कराराचा कोश आणि सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ कसा, असं म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी झोपला. दुसऱ्या दिवशी राजाने त्याला दारू पाजली, तरी तो गेला नाही. मग दाविदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं की उरीयाला तुंबळ लढाईत पुढे ठेवून मागे सरा. ते पत्र नेलं कोणी? उरीयानेच. स्वतःच्या मरणाचा कागद कमरेला खोचून तो इमानाने चालत गेला.

आता दाविदाशेजारी त्याच्या आधीचा राजा शौल ठेवा. सगळं नष्ट करायची आज्ञा असताना शौलाने अमालेक्यांची चांगली मेंढरं राखली आणि संदेष्टा शमुवेलाने विचारल्यावर लोकांवर ढकललं. खून आणि व्यभिचारापुढे हे किरकोळ वाटतं. तरी राज्य शौलाचं गेलं. पोरं विचारतात, हा कुठला न्याय?

मला दोघांच्या कबुलीत फरक दिसतो. मी पाप केलं आहे, हे वाक्य दोघांच्याही तोंडी आहे. शौल १ शमुवेल १५:३० मध्ये ते बोलतो आणि लगेच पुढे जोडतो, की तरी वडीलजनांसमोर माझा मान राख. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये माफी मागतात तशी ही माफी. संदेष्टा नाथानाने गरिबाची एकुलती कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून तो मनुष्य तूच आहेस म्हटलं, तेव्हा दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. आणि त्यापुढे त्याच्याकडे काहीच नाही. कारण नाही, मागणी नाही, वडीलजन नाहीत.

क्षमा झाली, पण हिशेब मिटला नाही, हेही लिहिलेलं आहे. मूल सातव्या दिवशी मेलं. तलवार घरातून गेली नाही; अबशालोमाने बापावर बंड केलं. आणि शेकडो वर्षांनी मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना बथशेबाचं नाव टाळून मुद्दाम लिहिलं, 'उरीयाची बायको'. नाव मारलेल्याचं ठेवलं.

आमच्या इथल्या एका पुढाऱ्याने वाईट केलं आणि वर म्हणतो, दाविदालाही देवाने माफ केलं. काय उत्तर द्यायचं?

त्याला विचारा, नाथान कुठाय? दाविदासमोर उभं राहून बोलणारा एक माणूस होता आणि राजाने त्याचं तोंड बंद केलं नाही. ज्याच्यामुळे नाथानच मंडळीबाहेर काढला जातो, त्याने दाविदाचं नाव घेऊ नये. आणि गुन्हा घडला असेल, विशेषतः मुलांच्या किंवा बायांच्या बाबतीत, तर पोलीस स्टेशन आहे. मंडळीची अब्रू ही उरीयाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

म्हणजे पाप केलं तरी चालतं?

रोमकरांस ६:१-२. नाही.

पेत्राने नाकारलं, यहूदाने धरून दिलं. एक संत झाला, एक शापित. एवढा फरक का?

मी या प्रश्नावर एक वर्ष सबंध उपवासकाळ घालवला होता, आणि वर्गातल्या एका आजोबांनी शेवटी म्हटलं, बाई, आता पुनरुत्थानदिन तरी येऊ द्या.

दोघांनाही पस्तावा झाला, हे आपण विसरतो. मत्तय २७ मध्ये यहूदा तीस रुपये घेऊन परत येतो आणि म्हणतो, मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केलं. पुन्हा तेच वाक्य, शौलाचं आणि दाविदाचं. बोलला कोणाजवळ? मुख्य याजकांजवळ. म्हणजे ज्यांचं कामच होतं की पापी माणूस आला तर त्याच्यासाठी वेदीशी उभं राहायचं. त्यांनी काय उत्तर दिलं? आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तो पैसे मंदिरात टाकून गेला आणि परत आला नाही. यहूदाचं पाप त्या याजकांनी केलं असं मी म्हणत नाही. पण 'तुझं तू बघ' हे मी आपल्या मंडळ्यांत इतक्यांदा ऐकलंय की तो भाग वाचताना मला यहूदापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटते.

पेत्राचं उलटं झालं. तो पडायच्या आधीच येशू त्याला म्हणतो (लूक २२:३२), तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. वळलास तर असं नव्हे, वळलास म्हणजे. कोंबडा आरवायच्या आधी परतीचं तिकीट काढून ठेवलेलं.

मग योहानाने एक बारीक गोष्ट टिपली आहे. पेत्राने नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता (१८:१८). २१ व्या अध्यायात रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेला पेत्र किनाऱ्याला येतो, तर तिथे येशूने कोळशाचा विस्तव पेटवलाय आणि त्यावर मासळी ठेवलीय. वास तोच आला असणार. वरळीत किंवा वर्सोव्यात ज्याने पहाटे बोटी लागताना पाहिल्या आहेत त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. आधी न्याहारी झाली, मग प्रश्न. तीन वेळा नाकारलं होतं, तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, असं लिहिलंय. वाटू दिलं.

त्यानंतरही पेत्र शहाणा झाला असं नाही. गलतीकरांस २ मध्ये अंत्युखियात तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत असतो, आणि यरुशलेमेची माणसं आली की पंगतीतून उठतो. पौल त्याला तोंडावर सुनावतो. पंगत सोडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला विचारा.

मला शंका येतात. उपासनेला बसते पण मनात पटत नाही. हे ढोंग आहे का?

तुम्ही चर्चगेटला उतरता का? ते नाव ज्या चर्चवरून पडलं ते फोर्टातलं संत थोमाचं कॅथेड्रल. १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी उघडलं. किल्ल्याचा जो दरवाजा त्याच्या दिशेने जायचा तो चर्चगेट. तट पाडून दीडशे वर्षं झाली तरी नाव टिकलं. म्हणजे पश्चिम रेल्वेचं शेवटचं स्टेशन तुमच्यासारख्याच एका शंकेखोराच्या देवळाच्या दाराचं नाव लावून उभं आहे.

थोमा येशूचा शिष्य; त्याचं एकच वाक्य लोकांना ठाऊक असतं. योहान ११:१६ कोणी वाचत नाही. यहूदीयात परत जाणं म्हणजे जिवावरचं होतं, तेव्हा बाकीचे कचरत असताना, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ, असं म्हणणारा थोमाच होता. असा माणूस फसवा दिलासा घेत नाही.

येशू उठला हे ऐकून तो म्हणाला, त्याच्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय विश्वास धरणार नाही. त्यानंतर आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत दहा जणांनी प्रभूला पाहिलेलं आणि एकाने नाही, आणि तरी आठव्या दिवशी तो त्यांच्यातच घरात होता. त्यांनी त्याला बाहेर ठेवलं नाही, तोही रागावून निघून गेला नाही. मला ते आठ दिवस दर्शनाइतकेच मोठे वाटतात. तुम्ही उपासनेला बसता ना? बसा. आठ दिवस कधी आठ वर्षांचेही होतात.

मरून जावंसं वाटतं. विश्वास असलेल्याला असं वाटावं का?

एलीयाला वाटलं. कर्मेलावर आकाशातून अग्नी उतरवल्यानंतर लगेच वाटलं, पराभवात नव्हे. ईजबेल राणीने धमकी पाठवली, तो रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे, माझा प्राण घे. देवाने त्यावर प्रवचन दिलं नाही. दूताने स्पर्श केला, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो खाऊन पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, कारण वाट लांबची होती. होरेबावर पोहोचल्यावर त्याने आपली तक्रार शब्दशः दोनदा सांगितली (१ राजे १९:१० आणि १४). देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतली, मग सांगितलं की अजून सात हजार आहेत, आणि सोबतीला अलीशा दिला.

भाकर, झोप, ऐकणारा कान, सोबती. आपल्या भाषेत यात डॉक्टरही येतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. मधुमेहाची गोळी घेतो तसंच ते. रात्रीबेरात्री कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ही चिठ्ठी तुम्ही टाकली असेल तर कृपा करून वर्गानंतर थांबा. चहा आहे.

बांद्र्याच्या जत्रेत मेणाचं घर वाहिलं, तीन वर्षं झाली. अजून भाड्याच्याच खोलीत आहे. माझा विश्वास कमी पडला का?

ही चिठ्ठी आमच्या कॅथलिक ताईंची, त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितलं म्हणून लिहिते. सप्टेंबरात मोत माउलीच्या डोंगरावर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहायला सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात. प्रॉटेस्टंट असून मी त्या रांगेला नाक मुरडत नाही. मुंबईत घर मागणं यापेक्षा कळकळीची प्रार्थना दुसरी कुठली असेल?

पण अब्राहामाचं बघा. सबंध कनान देश तुला देईन, असं वचन. आणि तो जन्मभर तंबूत. सारा मेली तेव्हा तिला पुरायला जागा नव्हती. उत्पत्ती २३ वाचा, मजेशीर व्यवहार आहे. एफ्रोन म्हणतो, छे छे, जागा फुकट घ्या. मग हळूच म्हणतो, चारशे शेकेल रुप्याची जमीन, तुमच्याआमच्यात तेवढ्याचं काय! मुंबईतल्या कुठल्याही दलालाची भाषा. अब्राहामाने घासाघीस न करता साक्षीदारांसमोर चारशे शेकेल तोलून दिले. सगळा देश ज्याला कबूल झाला होता त्याच्या नावावर आयुष्यभरात चढलेली मालमत्ता एवढीच: एक शेत, त्यातली झाडं आणि मकपेलाची गुहा. कबरीची जागा.

इब्री ११:१३ उघडच सांगतं, की ही सगळी विश्वासात मेली आणि वचन दिलेलं त्यांच्या हाती आलं नव्हतं, दुरून पाहिलं. तेव्हा घर नाही मिळालं म्हणजे विश्वास कमी, हे गणित त्या अध्यायात बसत नाही. म्हाडाचा फॉर्म मात्र भरा, ताई.

आणि बायका? सगळे दोष पुरुषांचेच का सांगता?

सारा घ्या. नव्वदीला मूल होणार ऐकून ती तंबूच्या दाराआड हसली. देवाने विचारलं, का हसली? ती म्हणाली, मी नाही हसले. तो म्हणाला, नाही, हसलीसच. आख्ख्या शास्त्रात इतकं घरगुती संभाषण दुसरं नसेल. मुलाचं नाव पडलं इसहाक, म्हणजे हसणं. तिचं अविश्वासाचं हसणं देवाने पोराच्या नावात घालून ठेवलं, दर हाकेला आठवण.

राहाब वेश्या होती आणि तिने हेर लपवून राजाच्या माणसांना खोटं सांगितलं. तीही येशूच्या वंशावळीत आहे (मत्तय १:५).

आमच्या घरातलं कोणी विश्वास सोडून गेलं, तर काय करायचं?

इथे मला शास्त्राआधी माझ्या वडिलांचं सांगावं लागेल.

वडील गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमच्या चाळीत भोंग्याने उठणारी माणसं भोंग्याशिवाय लवकर उठून नुसती गॅलरीत उभी राहू लागली. वर्ष उलटलं. आईने घरी पापड लाटायला घेतले. वडील मंडळीत वर्गणी देऊ शकत नव्हते म्हणून मागच्या बाकावर बसू लागले, मग बाहेर पायरीवर, मग येईनासे झाले. एका रविवारी त्यांनी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याला सांगितलं, माझा आता विश्वास राहिला नाही. त्या माणसाने उत्तर दिलं, मग कुठेतरी तुमचंच चुकलं असेल, तपासून बघा. दुःखात पडलेल्या इयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांची सगळी बडबड त्याने एका वाक्यात केली. (पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव त्या मित्रांवरच रागावतो. देवावर ओरडणाऱ्या इयोबावर नाही. हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं.)

वडील सहा वर्षं देवळात गेले नाहीत. त्या सहा वर्षांत शेजारच्या चाळीतले मंडळीचेच एक काका दर रविवारी संध्याकाळी यायचे. कॅरम मांडायचे. देवाचं नाव काढायचे नाहीत. आईने एकदा विचारलं, दादा, तुम्ही यांना काही समजावत का नाही? ते म्हणाले, वहिनी, मी समजावायला येत नाही, खेळायला येतो. एका उत्तम शुक्रवारी वडील आपणहून शर्ट घालून त्यांच्यासोबत निघाले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्यानंतर ते देवळात जात राहिले, पण त्या मागच्याच बाकावर बसत. पुढे कधी सरकले नाहीत.

स्तोत्र ८८ त्यांचं आवडतं होतं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारावरच संपतं. पण पहिल्या शब्दापासून ते देवाशीच बोलतं. म्हणून तुमचा मुलगा, नवरा, बहीण देवावर चिडून बोलत असेल तर त्याला गप्प करू नका. आणि बोलतच नसेल, तर कॅरम घेऊन जा.

मंडळीतल्या भांडणांचा कंटाळा आला. पहिल्या ख्रिस्ती लोकांत असं नव्हतं ना?

होतं. पौल आणि बर्णबा मार्कावरून इतके भांडले की वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५). मार्क आधीच्या प्रवासात पंफुल्याहून अर्ध्यातच घरी निघून गेला होता. पौल म्हणे नको, बर्णबा म्हणे घेऊ. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि प्रेषितांच्या कृत्यांतून त्याचं नाव संपलं. पण म्हातारपणी तुरुंगातून पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मधली वर्षं बर्णबाची.

आपल्यातलंच बघायचं तर पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला आणि लगेच ज्या धर्मभगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच मतभेदांची पत्रं सुरू झाली. सांगितलेलं सगळं निमूटपणे मानायला त्यांनी नकार दिला. १८८९ मध्ये गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, तेव्हा हिंदू समाज एका बाजूने रागावला आणि मिशनरी दुसऱ्या बाजूने. तरी आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी मूळ भाषांतून मराठी बायबल करण्यात घातली आणि १९२२ मध्ये मरणाआधी ते हातावेगळं केलं. भांडल्या आणि टिकल्या.

शेजारी विचारतात, तुमचे संत असे कसे?

त्यांना तुकोबांची आठवण द्या. स्वतःचे दोष तुकोबांइतके उघड कोणी मांडले? ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो. टिळकांचा बाप्तिस्माही मुंबईतलाच, फेब्रुवारी १८९५. मराठी शेजाऱ्याला हा मुद्दा आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर कळतो.

कॅथलिक पापनिवेदन करतात, आपण करत नाही. कोणाचं बरोबर?

यावर वर्गात दोनदा बिस्किटं संपली आणि निकाल लागला नाही. याकोब ५:१६ म्हणतं, एकमेकांजवळ पापं कबूल करा. फादरजवळ करा, पाळकांजवळ करा, मैत्रिणीजवळ करा. 'तुझं तू बघ' म्हणणाऱ्याजवळ तेवढं करू नका.

वाचायला कुठून सुरुवात करू? लोकलमध्येच काय तो वेळ मिळतो.

मार्कापासून. सर्वात छोटं शुभवर्तमान, १६ अध्याय. कल्याणहून सीएसएमटीला येता-जाता एकेक धरला तरी आठ-नऊ दिवस. अर्ध्यावर पळून गेलेल्या त्या मार्काचंच हे लिखाण, आणि त्यात पेत्राच्या आठवणी आहेत, असं फार जुनी परंपरा सांगते. शिष्य सर्वात मठ्ठ दिसतात ते याच पुस्तकात. सांगणारा पेत्रच असेल तर त्याने स्वतःला बिलकूल सोडलेलं नाही. १४:५१ मध्ये अंगावरची चादर टाकून उघडाच पळणारा एक तरुण आहे. तो मार्क स्वतःच असावा, असं पुष्कळांना वाटतं.

घाई असेल तर १६ वा अध्याय आधी वाचा. रिकाम्या कबरेत बसलेला तरुण बायांना निरोप देतो. तोच निरोप मत्तयातही आहे, पण तिथे फक्त शिष्यांना सांगा एवढंच. मार्कात दोन शब्द जास्त आहेत: त्याच्या शिष्यांना सांगा, आणि पेत्रालाही.